गॅरंटीसाहेबांचे सात मासे

गॅरंटीसाहेबांनी आयुष्यात एकदाच मनापासून हमी दिली, आणि ती सात माशांच्या जिवाची होती.

एरवी हा माणूस विमा कंपनीच्या दावे विभागात बसणारा. लोकांची गळकी छपरं, चेपलेल्या मोटारी आणि बुरशी धरलेले गालिचे यांची भरपाई नेमक्या कुठल्या कलमामुळे देता येत नाही, हे गोड शब्दांत कळवायचं हे त्यांचं काम. ऑफिसात कशाचीच खात्री न देण्याचा पगार मिळत असल्यामुळे असेल, पण घरी आल्यावर ते कशाचीही खात्री देत सुटायचे. कलिंगड लाल निघेल, गॅरंटी. उद्या ऊन पडेल, गॅरंटी. कलिंगड पांढरं निघालं तर ते कापणाऱ्याचा दोष. गल्लीने त्यांना नाव ठेवलं ते असं, आणि त्यांनी ते पदवी मिळाल्यासारखं स्वीकारलं.

मासे आईचे होते. आई तिच्या स्वतःच्या घरात एकटी राहायची. मागच्या बाजूला दगडी हौद, हौदात मासे आणि हौदाच्या काठावर आई, असा सगळा संसार. पण जिन्यावरून ती दोनदा पडली तेव्हा साहेबांनी हट्टच धरला, की आता आमच्याकडे चल. महिनाभर 'नाही'चा पाढा म्हटल्यावर ती आली, पण मांडीवर झाकणाची बादली घेऊन. बादलीत सात मासे. प्रत्येकाला नाव. थोरला, आगाऊ, भित्रा, दोघं जुळे, एक ठिपकी आणि एक लंगडा. माशाला पाय नसतात हे आईला मान्य होतं, पण तो पोहताना एका अंगावर झुकायचा, आणि अशाला दुसरं काय म्हणायचं?

"यातला एक जरी गेला," उंबऱ्यातच आई म्हणाली, "तर मी माझ्या घरी परत जाईन. माशांना मानवत नाही ते घर मलाही मानवायचं नाही."

"सातच्या सात पुढचा उन्हाळा बघतील," साहेब म्हणाले. "गॅरंटी!"

त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला. यापूर्वी याच गॅरंटीवर परसात अळिंबी, मधमाश्या आणि बोन्साय या क्रमाने मेले होते. पण या वेळी साहेब गंमत करत नव्हते. आई त्या निसरड्या जिन्याच्या घरात पुन्हा एकटी राहतेय, या नुसत्या कल्पनेने ते रात्री उठून बसायचे.

माशांना नुसतं पाण्यात ठेवलं तर ते साहेब कसले! त्यांनी पुस्तक आणलं, हजार लिटरची चौकोनी प्लास्टिकची टाकी आणली, तिच्यावर घोडी लावून खडीचा वाफा बसवला, पंप आणला. मासे घाण करणार, पंप ते पाणी वर खडीत चढवणार, खडीतले जंतू त्या घाणीचं खत करणार, त्या खतावर पालक वाढणार आणि स्वच्छ झालेलं पाणी खाली माशांकडे परत.

"आणि तो पालक आपण खायचा," बायको म्हणाली.

"अर्थात!"

"म्हणजे मुळात आपण काय खातोय?"

"मुळापर्यंत जायचं नसतं. पालक वरून खुडायचा," साहेब म्हणाले.

उन्हाळा मजेत गेला. आई सकाळी टाकीपाशी स्टूल टाकून बसायची. मासे वर यायचे, आई त्यांच्याशी सुनेच्या तक्रारी बोलायची, सूनबाई खिडकीतून ऐकायच्या आणि दोघींचं मन हलकं व्हायचं. पालक इतका आला की गल्लीतले लोक साहेबांना बघून रस्ता ओलांडू लागले.

मग थंडी पडली.

शेजारच्या निवृत्त इंजिनियरांनी पहिला सल्ला दिला. ते आयुष्यभर पुलांचं काम करत आले होते आणि निवृत्तीनंतर पूल नसल्यामुळे सल्ले बांधत होते. "टाकीला पांघरूण घाला. उष्णता बाहेर जाता कामा नये." साहेबांनी टाकीभोवती जुनी गादी गुंडाळली. गादी पुरेना म्हणून पाहुण्यांची गादी गुंडाळली. तीही पुरेना म्हणून बायकोचा लोकरी कोट, जो साहेबांच्या मते ती कधी घालत नसे आणि तिच्या मते ती खास प्रसंगासाठी राखून ठेवत असे. गाद्यांवर दोरी आवळल्यावर टाकी अशी दिसू लागली, की समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी "घरात कोणाला बरं नाही का?" असं विचारलं.

डॉक्टरीणबाईंचं मत वेगळं होतं. "झाकून काय होणार? ऊन मिळालं पाहिजे. वर पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर करा." साहेबांनी छप्पर केलं. ते दोन दिवस उत्तम टिकलं. तिसऱ्या दिवशी वारा सुटला तेव्हा ते साहेबांच्या डोळ्यांदेखत उठलं, कुंपणावरून गेलं आणि बाईंच्या दवाखान्याच्या दारावर जाऊन घट्ट बसलं. आत एक पेशंट तोंडाचा आ करून बसला होता. त्याला वाटलं, भूल जास्त झाली.

"सल्ला तुमचाच होता," साहेब म्हणाले.

"छप्पर तुमचं होतं," बाई म्हणाल्या. विमा कंपनीतल्या माणसाला हा मुद्दा खोडता येईना.

शेवटी इंजिनियर म्हणाले, "हीटर लावा, विषय संपवा." हीटर लावला आणि विषयाबरोबर गल्लीतली वीजही संपली. पुरी गल्ली अंधारात. कोणाची इस्तरी थांबली, कोणाची लिफ्ट अडकली, आणि लिफ्टमध्ये नेमके इंजिनियरच होते. त्यांनी आतूनही सल्ला दिला, पण तो कोणाला ऐकू गेला नाही.

साहेबांना वीज कचेरीत बोलावणं आलं. तिथला कारकून शांत स्वभावाचा होता. त्याच्यासारखा शांतपणा फक्त ज्याला निर्णय घ्यायचा नसतो त्यालाच परवडतो, हे साहेबांनी ओळखलं, कारण ते स्वतः त्याच गोत्राचे.

"हीटर कशासाठी?" कारकुनाने विचारलं.

"माशांसाठी."

"मासे विकता?"

"नाही हो. आईचे आहेत."

"आई विकतात?"

"कोणीच विकत नाही. ते नुसते राहतात."

"नुसते राहतात असा वर्ग आमच्याकडे नाही." कारकुनाने जाड पुस्तक उघडलं. "घरगुतीत माणसं येतात. पशुपालनात पाय असलेले येतात. हजार लिटर गरम पाणी म्हटलं तर सगळ्यात जवळचा वर्ग पोहण्याचा तलाव."

"मग तो लावा!"

"त्याला कपडे बदलायची खोली लागते. आणि एक जीवरक्षक, पोहण्यात तरबेज."

"मासे पोहण्यात तरबेजच आहेत!"

"ते जीवरक्षक आहेत का?" कारकुनाने खरोखरच्या उत्सुकतेने विचारलं. मग त्याने पुस्तक मिटलं. "मी येऊन पाहणी करतो," कारकून म्हणाला. "तोवर हीटर बंद."

पंचवीस वर्षं लोकांना जे ऐकवलं ते त्या दिवशी साहेबांनी स्वतः ऐकून घेतलं. दुसऱ्या कोणाला यातून काही बोध झाला असता. साहेबांनी घरी येऊन पुस्तक पुन्हा वाचलं.

आणि पुस्तकात त्यांना असं काही सापडलं की ते खुर्चीवरून उठलेच. थंडीत या माशांना हीटर लागत नाही! पाणी गार झालं की ते तळाशी जाऊन स्वस्थ पडतात. खात नाहीत, फारसे हलत नाहीत, असलेल्या चरबीवर थंडी काढतात. आपण फक्त पाण्यावर बर्फाचा सलग थर धरू द्यायचा नाही आणि पंप भर दुपारीच तेवढा चालवायचा, म्हणजे वरच्या गार खडीतून फिरून पाणी आणखी गारठत नाही. आणि मुख्य म्हणजे त्यांना खायला घालायचं नाही. गारठ्यात त्यांना ते पचत नाही, खडीतले जंतूही झोपलेले असतात, मग अन्न कुजतं, पाण्याचं विष होतं आणि मासे मरतात.

"म्हणजे करायचं काय?" बायकोने विचारलं.

"काहीच नाही!" साहेबांचा चेहरा उजळला होता. काहीच न करण्याचा अनुभव त्यांच्याइतका गल्लीत कोणाला होता? त्यांनी पाण्यावर एक रबरी चेंडू सोडला, म्हणजे त्याच्याभोवती बर्फ धरणार नाही, खाऊची बरणी कपाटात टाकली आणि ऑफिसला निघून गेले. "सातच्या सात," जाता जाता म्हणाले, "गॅरंटी."

पण पाणी गढुळायला लागलं. आधी पांढुरकं, मग शेवाळी, मग त्याला वास यायला लागला. साहेबांनी तपासणीचं औषध आणून काचेच्या नळीत थेंब टाकले. नळी गर्द हिरवी झाली. पुस्तकात हिरव्याच्या पुढे फक्त 'तातडीने' एवढाच शब्द होता. तळ दिसेनासा झाला. मासे खाली आहेत, की खाली पडले आहेत, हेही कळेना. आई स्टूल घेऊन बसायची, पण आता बोलायची नाही. एके दिवशी तिने आपली पेटी पलंगाखालून ओढून बाहेर काढून ठेवली. उघडली नाही, नुसती काढून ठेवली. त्या पेटीला ठेचकाळत साहेब दिवसभर घरात हिंडले.

पण गॅरंटीसाहेब खचणाऱ्यांतले नव्हते. कोणीतरी माशांना खायला घालतंय हे उघड होतं. दावे विभागातला माणूस, त्यांनी चौकशीच लावली.

इंजिनियर पहिल्याच प्रश्नाला फुटले. "बिस्किटं," ते म्हणाले. "एकेक. म्हणजे चुरा करून. अहो, सकाळी येऊन बघतो तर कोणी वरच येत नाही! मला वाटलं, तुम्ही उपाशी ठेवलंय. माझ्याने बघवलं नाही."

डॉक्टरीणबाई ताठ मानेने म्हणाल्या, "मी साखर दिलेली नाही. फक्त ओट्स."

साहेबांनी टाकीवर पाटी लावली: 'या माशांवर प्रेम असेल तर त्यांना उपाशी राहू द्या.' शेजाऱ्यांनी शपथा घेतल्या. तरी पाणी हिरवंच.

आणि मग एका सकाळी, ऑफिसला जाताना डबा विसरला म्हणून साहेब अर्ध्या वाटेवरून परत आले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांना आई दिसली. ती टाकीवरचा लोकरी कोट एका हाताने उचलत होती आणि दुसऱ्या हातातल्या ताटलीतून भाजलेले दोन पाव, लोण्यासकट, पाण्यात सोडत होती. पाठोपाठ उकडलेलं अंडं गेलं. शेवटी तिने इकडेतिकडे बघून दुधाचा पेलाही ओतला.

आता या ताटलीची हकिगत सांगायला हवी. थंडी पडल्यापासून आईचं खाणं कमी झालं होतं. साहेबांनी धसकाच घेतला. म्हातारं माणूस, त्यात असली थंडी, खाल्लं नाही तर कसं चालेल? रोज सकाळी ते स्वतः पाव भाजत, लोणी लावत, अंडं सोलत आणि आईपुढे ताटली ठेवून बजावत, "ताटली रिकामी दिसली पाहिजे." आणि रोज ताटली रिकामी दिसे. साहेब ऑफिसात सांगत, "आईचा आहार सुधारलाय. नुसतं लक्ष द्यावं लागतं हो!"

"आई!"

आई दचकली नाही. पोरांनी पकडल्यावर दचकायचं तिचं वय राहिलं नव्हतं. "काय रे? ऑफिस नाही का?"

"अगं, तू त्यांना पाव घालतेस? अंडं? दूध?"

"मग काय करू? मला जात नाही आणि तू ऐकत नाहीस. रिकामी ताटली पाहिजे म्हणालास, रिकामी ताटली दाखवली. टाकून देववत नव्हतं, म्हटलं पोरं तरी खातील."

"अगं, थंडीत त्यांना खायचं नसतं! खाल्लेलं पचत नाही, ते नुसते पडून असतात. भूक नसताना घातलं तर जीव जातो त्यांचा!"

आईने ताटली टाकीच्या कडेवर ठेवली. तिचे डोळे भरून आले. "म्हणजे मीच मारत होते की रे त्यांना." मग पदराने डोळे पुसून तिने मुलाकडे नीट बघितलं. "आणि एवढं सगळं तुला माशांचं कळतं?"

एरवी साहेबांनी यावर एखादं कलम काढलं असतं. ते आत गेले, ऑफिसला फोन करून पोटदुखीची रजा घेतली आणि पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून बाहेर आले.

अर्धं पाणी बदलायचं होतं. नळाचं पाणी एकदम चालत नाही, साठवून मुरलेलं लागतं. ते इंजिनियरांच्या पिंपात होतं. इंजिनियर भरून देत, डॉक्टरीणबाई कुंपणावरून बादली देत (दवाखान्यातला पेशंट आ करून वाट बघत होता), बायको ती टाकीपर्यंत आणे आणि साहेब टाकीच्या कडेवर उभे राहून तळातली घाण आणि कुजका पाव जाळीने काढत. आई स्टुलावर बसून सूचना करत होती. "डावीकडे. तिथे अंडं पडलंय. मी तिथेच टाकायचे." कित्येक दिवसांनी तिचा आवाज चढला होता.

पाणी निम्म्यावर आलं तेव्हा अंड्यासाठी साहेब जरा जास्तच वाकले. त्यांचा पाय सटकला आणि गॅरंटीसाहेब शर्ट-टायसकट टाकीत बसले.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. साहेबांचं वैर नव्हतं, पण त्या क्षणी पाण्यात राहण्याचीही इच्छा नव्हती. गारठ्याने श्वास अडकला, दात वाजू लागले. बायको किंचाळली. आणि नेमकं त्याच वेळी परसाचं फाटक वाजलं आणि बगलेत जाड पुस्तक घेतलेला वीज कचेरीतला कारकून पाहणीला आत आला.

त्याने टाकी बघितली. टाकीला गुंडाळलेल्या गाद्या बघितल्या. टाकीत टाय लावून बसलेले साहेब बघितले.

"म्हणजे पोहण्याचा तलावच," तो समाधानाने म्हणाला.

साहेब काहीतरी मानी उत्तर देणार होते. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात त्यांच्या पोटरीला काहीतरी गुळगुळीत लागलं, हळूच सरकलं आणि एका अंगाला झुकत पलीकडे गेलं.

"लंगडा!" साहेब ओरडले. "आई, लंगडा आहे! हा बघ, अजून एक! अगं, हलतायत! जिवंत आहेत!"

थंडीने निळा पडलेला तो माणूस टाकीत बसून टाळ्या वाजवत होता. आई स्टुलावरून उठून उभी राहिली होती. डॉक्टरीणबाईंनी बादली खाली ठेवून डोळे टिपले. कारकुनाने हा सगळा प्रकार शांतपणे पाहिला आणि पुस्तकात बोट घालून विचारलं, "जीवरक्षक कोण?"

"मी," आई म्हणाली.

हीटर काही मंजूर झाला नाही. आईच्या वयाची जीवरक्षक नियमात बसेना. पण हीटर आता कोणाला हवा होता? साहेब आठवडाभर सर्दीने अंथरुणात होते, गादीविना, कारण गाद्या टाकीला होत्या. पाणी निवळत गेलं, नळीचा रंग उतरत निर्धोक पिवळ्यावर आला, फक्त गाद्यांच्या अंधारात तळाशी मासे किती ते मोजता येईना. आणि घरात एक बदल झाला. साहेब सकाळी आईपुढे ताटली ठेवत, पण बोलत नसत. ती अर्धा पाव खाई, अर्धा ठेवी. साहेबांच्या जिभेच्या टोकावर सगळं येई आणि ते गिळून टाकत. आईला डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, तब्येत उत्तम आहे, भूक येईल तेव्हा येईल. आईची पेटी मात्र पलंगाखाली गेली नव्हती.

थंडी ओसरली. गाद्या घरात आल्या, लोकरी कोटाचं काय करायचं यावर बोलणं नको म्हणून तो कोणीच आणला नाही. एका लख्ख उन्हाच्या सकाळी पाण्यावर पहिला बुडबुडा आला. आईने हाक मारली. साहेब धावले, बायको धावली, कुंपणावर इंजिनियर उगवले.

"थोरला," आई मोजू लागली. "आगाऊ. हे जुळे. ठिपकी. हा भित्रा, तुझ्या सावलीला घाबरला बघ. आणि आला, लंगडा आला!"

"सात!" साहेबांनी छाती पुढे काढली. "म्हणालो नव्हतो? गॅरंटी!"

"आणि हा कोण?" आई म्हणाली.

खालून आणखी एक मासा वर येत होता. लहानसा, फिकट, कोणाचीच ओळख नसल्यासारखा बाजूबाजूने.

साहेबांनी इंजिनियरांकडे पाहिलं. इंजिनियरांनी आयुष्यात पहिल्यांदा काही मत दिलं नाही. मग सूनबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मी आणला. पाणी हिरवं झालं होतं तेव्हा. म्हटलं, एखादा गेला तर... मोजताना कमी भरायला नको. तुम्ही जाल म्हणून भीती वाटली हो, आई."

उन्हाळाभर जिच्या तक्रारी माशांना सांगितल्या त्या सुनेच्या पाठीवर आईने हलकेच थाप मारली.

"एक गेला तर काय हे ठरलं होतं," साहेबांनी घसा खाकरला. "एक वाढला तर, याची अटींमध्ये तरतूद नाही. मी ऑफिसात विचारून—"

"तू गप रे." आई पाण्याकडे वाकली. फिकट मासा तिच्या बोटाजवळ येऊन थांबला. "कुठून उचलून आणला बिचाऱ्याला, माहीत नाही. सगळी थंडी तळाशी बसून काढली त्याने. होतं तसं नव्या पाण्यात. कोणी मागे लागू नये. भूक लागली की येतो आपणहून वर."

मग ती कंबरेवर हात ठेवून सरळ झाली.

"सूनबाई, ती पेटी तेवढी पलंगाखाली ढकल, येता-जाता पायात येते. आणि दोन पाव भाज. लोणी जरा सढळ हाताने लाव." आई स्टुलावर बसली. "आणि तू खिडकीतून बघत उभा राहू नकोस रे. दोन्ही मीच खाणार आहे. गॅरंटी!"